निकाल पाहण्याआधी नियम लिहा

2008 साली पुण्यात जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. सोबत संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास करून पुढे त्याचे टीकाकार झालेले प्रकाश घाटपांडे होते. चाचणीत ज्योतिष नापास झाले एवढे बहुतेकांच्या लक्षात आहे. ती घेतली कशी, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते त्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

कार्यकर्त्यांनी 100 हुशार शाळकरी मुलांचे आणि 100 बौद्धिक अक्षम मुलांचे जन्मतपशील जमवले. त्यावरून 200 पत्रिका मांडल्या गेल्या. प्रत्येक पत्रिकेला सांकेतिक क्रमांक मिळाला आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली, ही माहिती पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात बंद राहिली. ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका पाठवल्या. त्या कुणाला आवडतील म्हणून निवडलेल्या नव्हत्या, 200 मधून कशाही उचललेल्या होत्या. प्रश्न एकच: हे मूल पहिल्या गटातले की दुसऱ्या? पात्रतेची रेघ 40 पैकी 28 बरोबर उत्तरांवर ओढली होती. नुसत्या नशिबाने 28 किंवा जास्त उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे, म्हणून ती रेघ तिथे.

51 ज्योतिषांनी भाग घेण्याची तयारी दाखवली, 27 जणांनी उत्तरे पाठवली. एकाची 24 बरोबर आली, दोघांची 22, बाकी सगळे 20 किंवा त्याखाली. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासायला घेतल्या होत्या. तिची 102 उत्तरे बरोबर निघाली. नाणे उडवले असते तर साधारण 100 आली असती.

या चाचणीवर तेव्हापासून एक आक्षेप घेतला जातो की घेणारे सगळे आधीच ज्योतिषाच्या विरोधात होते. आक्षेप खरा आहे. दाभोलकरांची सारी हयात त्या विरोधात गेली आणि नारळीकरांनी आपले मत कधी लपवले नाही. अशा माणसांना निकाल एका बाजूने लागावा असे वाटणारच. पण कुठली पत्रिका कुणाची हे उत्तरे येईपर्यंत मोजणाऱ्यांनाही उपलब्ध नसेल, पास-नापासाची रेघ आकड्यात ठरलेली असेल आणि किती जणांनी उत्तरेच पाठवली नाहीत हेही छापले जात असेल, तर त्या वाटण्याला काम करायला जागा उरत नाही. नारळीकर थोर होते म्हणून ती चाचणी विश्वासार्ह ठरत नाही. आपल्या मताने निकालाला धक्का लागू नये याची तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली होती, म्हणून ठरते.

मला जे म्हणायचे आहे ते याच तजविजीबद्दल. संशोधनातल्या पूर्वग्रहाविषयी आपण बोलतो तेव्हा विषय लगेच नीतिमत्तेकडे वळतो. संशोधकाने तटस्थ असावे, मन मोकळे ठेवावे, आकड्यांशी प्रामाणिक राहावे. कार्यशाळांमध्ये याच विषयावर स्लाइड दाखवल्या जातात. त्याने फारसे काही होत नाही, कारण बहुतेक पूर्वग्रह प्रामाणिक माणसाच्या हातून आणि त्याला न कळता शिरतो. त्यावर उपाय एकच, आणि तो कागदावरचा आहे: आकडे हातात येण्याआधी नियम लिहून ठेवायचे, ते कुणालाही पाहता येतील अशा ठिकाणी ठेवायचे, आणि निकाल काहीही लागला तरी तो बाहेर आणायचा. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या प्रत्येक संशोधनाला, पीजीच्या आणि पीएचडीच्या प्रबंधांसकट, हे सक्तीचे असावे.

सक्तीचे का, हे मी रोज माझ्या टेबलावर पाहते. मी संख्याशास्त्र शिकवते आणि वैद्यकीय शाखेतली पीजीची मुले आपला डेटा घेऊन माझ्याकडे येतात. एक्सेलची फाइल उघडते. साठ-सत्तर रुग्ण, दोन गट, एक औषध. मुख्य तुलना करून पाहावी तर फरक नाही. समोरच्या मुलीचा चेहरा उतरतो. ती रात्रपाळी करून आलेली असते, थिसिस जमा करायची तारीख जवळ आलेली असते, आणि गाइड सरांनी सांगितलेले असते की काहीतरी दिसायला हवे. "मॅडम, नुसत्या बायकांमध्ये बघायचं का? सरांना वाटतंय तिथे फरक येईल." बायकांमध्ये बघतो, येत नाही. मग पन्नाशीवरचे. मग मधुमेह असलेले. मग तिसऱ्या दिवसाऐवजी सातव्या दिवसाचे मोजमाप. मग दोन रुग्णांचे आकडे "फारच वेगळे" वाटतात, ते वगळून. कुठेतरी पी व्हॅल्यू, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना नुसत्या योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, 0.05 च्या खाली उतरते आणि खोलीतली हवा बदलते.

यात फसवणुकीचा हेतू कुणाचाच नसतो. प्रत्येक पायरीला वैद्यकीय कारण देता येते. हार्मोन्समुळे बायकांमध्ये फरक असू शकतो, औषधाला काम करायला सात दिवस लागू शकतात. अडचण गणिताची आहे. औषध अगदी निरुपयोगी असले तरी 0.05 च्या कसोटीवर वीसात एकदा "फरक आहे" असे उत्तर येतेच. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वीस तुलना केल्या, तर निदान एक तरी खोटा फरक हाती लागण्याची शक्यता 64 टक्के होते. आणि प्रबंधात छापली जाते ती तेवढी एकच तुलना. बाकीच्या एकोणीस कुठे लिहिलेल्याच नसतात. वाचणाऱ्याला वाटते की संशोधकाने सातवा दिवस आधीपासून ठरवला होता. वर्षभरानंतर संशोधकालाही तसेच वाटू लागते.

हेच ज्योतिष चाचणीच्या आकड्यांत पाहा. 40 पैकी 24 म्हणजे 60 टक्के. केवळ त्या एका ज्योतिषाचा निकाल छापला असता, तर बातमी झाली असती. प्रत्यक्षात 27 माणसांना डोळे मिटून नाणी उडवायला बसवले असते, तरी त्यांतल्या तिघा-चौघांनी 24 चा आकडा गाठला असता. ते 24 काय सांगतात हे कळायला बाकीचे 26 जण समोर असावे लागतात. संशोधनाच्या जगात हे बाकीचे बहुधा समोर नसतात.

ते समोर नसले की माणसे मरतात. 1980 साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे शंभर रुग्णांवर लॉरकेनाइड नावाच्या औषधाची चाचणी घेतली. झटक्यानंतर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि त्यातून मृत्यू ओढवू शकतो, म्हणून ठोके नियमित करणारे औषध दिले तर जीव वाचतील, हा तेव्हाचा विचार होता, आणि तो ऐकायला अगदी बरोबर वाटतो. औषध घेतलेल्या गटात 9 जण दगावले, न घेतलेल्या गटात 1. डॉक्टरांना वाटले, चाचणी लहान आहे, हा योगायोग असेल. त्यातच कंपनीने व्यापारी कारणांसाठी ते औषध सोडून दिले आणि निकाल छापायचा राहिला. पुढची काही वर्षे त्याच जातीची औषधे अमेरिकेत सर्रास लिहून दिली जात होती. 1989 साली कास्ट नावाच्या मोठ्या चाचणीतून खरे काय ते पुढे आले. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले होते, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी आपला निकाल अखेर 1993 मध्ये छापला. तो वेळेत छापला असता तर पुढच्या संकटाची आगाऊ सूचना मिळाली असती, हे त्यांनी त्यात स्वतः लिहिले. त्या डॉक्टरांविषयी मला आदर वाटतो. तेरा वर्षांनी इतके स्पष्ट लिहिणारे थोडे असतात. पण ज्या व्यवस्थेत एखाद्या चाचणीचा निकाल तेरा वर्षे कपाटात राहू शकतो आणि कुणीही तो मागायला येत नाही, ती व्यवस्था सज्जनांच्या भरवशावर सोडून चालणार नाही.

लॉरकेनाइडचा निकाल चुकून राहिला. नैराश्यावरच्या औषधांच्या बाबतीत चुकून म्हणायला फारशी जागा नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदवलेल्या अशा 12 औषधांच्या 74 चाचण्या 2008 साली एका अभ्यासगटाने तपासल्या. नियामकाच्या मते 38 चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूने होता, त्यांतल्या 37 छापल्या गेल्या. उरलेल्या 36 विरुद्ध किंवा शंकास्पद होत्या. त्यांतल्या 22 छापल्याच नाहीत, 11 अशा मांडल्या की वाचणाऱ्याला औषध गुणकारी वाटावे, आणि जशाच्या तशा छापल्या गेल्या फक्त 3. नियतकालिके वाचून गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने 94 टक्के चाचण्या यशस्वी होत्या. खरा आकडा निम्म्याच्या जवळपास होता. या डॉक्टरचा पूर्वग्रह स्वतःचा नव्हताच, तो त्याला वाचनातून मिळाला होता.

कुणाला मोजले जाते, हाही पूर्वग्रहाचाच भाग आहे, आणि त्याचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण गडचिरोलीचे आहे. ऐंशीच्या दशकात खेड्यांतल्या स्त्रियांच्या आजारांविषयी जे काही माहीत होते, ते दवाखान्यात आलेल्या स्त्रियांवरून. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत जाऊन 650 स्त्रियांची तपासणी केली, त्यांना काही तक्रार आहे की नाही हे न पाहता. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले. हा अभ्यास 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातलाच दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो: यांतल्या जेमतेम 8 टक्के स्त्रियांची त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झाली होती. दवाखान्याच्या रजिस्टरवरून अंदाज बांधणाऱ्या कुणीही लबाडी केली नव्हती. ज्या बाईला घरातून निघताच येत नाही, ती त्यांच्या आकड्यांत येणार तरी कशी? कोविडमध्ये घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरचेही तसेच. 2020 साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले की यंत्र 92 ते 96 दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याच्या पातळीखाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के, तर कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के होते. सावळ्या माणसांच्या देशात यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबून रुग्णाला घरी ठेवायचे की दाखल करायचे हे ठरत होते.

आधी नियम लिहून ठेवल्याने खरोखर फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजला गेला आहे. अमेरिकेतली हृदय, फुप्फुस आणि रक्तविकारांवरची सरकारी संस्था मोठमोठ्या चाचण्यांना पैसा पुरवते. 2000 सालच्या सुमारास या चाचण्यांना मुख्य निकष, म्हणजे यश कशावरून मोजणार ते, आधी नोंदवून जाहीर करणे भाग पडले. त्याआधीच्या 30 चाचण्यांपैकी 17 मध्ये, म्हणजे 57 टक्क्यांत, उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतरच्या 25 पैकी फक्त 2 मध्ये, 8 टक्क्यांत, दिसला. संस्था तीच, पैसा तोच, संशोधकांचा दर्जाही तोच. औषधशास्त्र एकाएकी मंदावले असेही कुणी म्हणू शकेल, आणि नोंदणी हे एकच कारण आहे असे छातीठोकपणे मीही म्हणणार नाही. पण सातव्या दिवसाकडे सरकायची वाट बंद झाली की काय होते, याचा अंदाज माझ्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही येईल.

आपल्याकडे हा पाया घातलेला आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. भारताची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, जुलै 2007 मध्ये सुरू झाली. जून 2009 पासून औषध चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि एप्रिल 2018 पासून, पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी झाली पाहिजे, असा नियम झाला. पीजीच्या प्रबंधांचीही तिथे नोंद होते. जे रुजलेले नाही ते दुसरे टोक: नोंदवलेल्या अभ्यासाचे पुढे काय झाले हे विचारणे. औषधांच्या पलीकडे तर पहिले टोकही नाही. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य, शेती या विषयांतले प्रबंध उघडून पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात गृहीतके मांडलेली असतात, शेवटच्या प्रकरणात त्यांची पडताळणी असते, आणि "वरील गृहीतक सिद्ध होते" हे वाक्य एकापाठोपाठ एक येत राहते. जगातल्या कुठल्याही विषयात माणसाचे सगळे अंदाज असे बरोबर येत नाहीत. प्रबंधांत ते येतात, कारण गृहीतक अनेकदा आकडे पाहून झाल्यावर शेवटचा हात फिरवताना घासूनपुसून घेतले जाते.

याला आळा घालण्याचे साधन विद्यापीठांच्या हातात आज आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने पीएचडीचे पूर्ण प्रबंध ठेवण्यासाठी शोधगंगा सुरू केली, हे सर्वांना माहीत आहे. त्याच संस्थेचे शोधगंगोत्री नावाचे दुसरे भांडार आहे, तिथे मंजूर झालेल्या प्रबंधांचे आराखडे, म्हणजे सिनॉप्सिस, ठेवता येतात. पूर्वनोंदणी म्हणतात ती हीच. फक्त सिनॉप्सिसमध्ये आज जे मोघम लिहिले जाते, ते नेमके लिहून घ्यायला हवे: मुख्य तुलना कोणती, मोजमाप कोणत्या दिवशी, किती माणसे आणि ती कशी निवडणार, कुणाला वगळणार, कोणती चाचणी लावणार. मग व्हायवाच्या दिवशी परीक्षकाने एका हातात सिनॉप्सिस आणि दुसऱ्या हातात प्रबंध घेऊन बसायचे आणि जिथे फरक दिसेल तिथे विचारायचे की हे का बदलले. बदलायला हरकत नाही. बदल केल्याचे आणि त्यामागच्या कारणाचे एक पान प्रबंधात असले पाहिजे.

माझे सहकारी यावर म्हणतात की असे बांधून घातले तर नवे काही सापडणारच नाही, अनपेक्षित गोष्टींतूनच तर शोध लागतात. अनपेक्षित सापडले तर ते जरूर लिहावे, ठळक लिहावे. एवढेच सांगावे की हे आम्ही शोधायला निघालो नव्हतो, वाटेत दिसले, आता कुणीतरी हे मुद्दाम तपासून पाहावे. बायकांमध्ये औषध वेगळे वागते अशी शंका आली, तर तो पुढच्या बॅचच्या विद्यार्थिनीचा विषय होऊ शकतो. आज ती शंका सिद्ध झालेली गोष्ट म्हणून छापली जाते, आणि पुढे कुणी तपासत नाही कारण "हे झालेले आहे".

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: नकारात्मक निकालाचा प्रबंध घेऊन विद्यार्थ्याचे कसे होणार? गाइडला पेपर हवा असतो, पदोन्नतीसाठी पेपर मोजले जातात, आणि "फरक आढळला नाही" असा पेपर नियतकालिके घेत नाहीत. हे खरे आहे आणि यात विद्यार्थ्याचा काहीच दोष नाही. म्हणूनच ओझे त्याच्यावर टाकून चालणार नाही. निकाल येण्याआधी, नुसता आराखडा पाहून लेख स्वीकारायचा, अशी पद्धत काही नियतकालिकांनी 2013 पासून सुरू केली आहे. मानसशास्त्रात अशा रीतीने आलेल्या लेखांची नेहमीच्या लेखांशी 2021 साली तुलना झाली. नेहमीच्या लेखांत पहिले गृहीतक 96 टक्के वेळा खरे ठरले होते, आधी स्वीकारलेल्या लेखांत 44 टक्के वेळा. विद्यापीठांची स्वतःची नियतकालिके आहेत, त्यांना ही पद्धत घेण्यापासून कुणी अडवलेले नाही. पदोन्नतीच्या गुणांमध्ये नीट आखलेल्या आणि पूर्ण केलेल्या अभ्यासाला निकालाची दिशा न पाहता गुण देता येतात. एमडीचा प्रबंध तपासताना "निष्कर्ष लक्षणीय नाही" असा शेरा मारून विद्यार्थ्याला खजील करणारे परीक्षक मी पाहिले आहेत. तो शेरा नियमाने बंद करता येतो.

आणि या सगळ्यात एक माणूस असा आहे, ज्याचे नाव कुठल्याच पेपरवर येत नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळपासून रांगेत बसलेली बाई संमतिपत्रावर अंगठा उठवते, दोनदा जास्तीचे रक्त देते, सातव्या दिवशी एसटीचे भाडे खर्चून पुन्हा येते. तिला सांगितलेले असते की यातून पुढच्या रुग्णांचे भले होईल. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीसाठी जगभर मानली जाणारी हेलसिंकीची जाहीरनामा-संहिता 2013 पासून स्पष्ट म्हणते की सकारात्मक निकालांबरोबर नकारात्मक आणि अनिर्णित निकालही जाहीर झालेच पाहिजेत. आपल्या प्रत्येक एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर त्या संहितेचा उल्लेख असतो. अभ्यास मंजूर करताना कमिटी डझनभर कागद मागते. दोन वर्षांनी त्याच कमिटीने एक पत्र पाठवून निकाल मागवावा, तो महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर टाकावा, आणि जो गाइड तो देणार नाही त्याचा पुढचा प्रस्ताव तोवर थांबवून ठेवावा. याला नवा कायदा लागत नाही, कमिटीच्या पुढच्या बैठकीत एक ठराव पुरेसा आहे.